पाण्याच्या पेंटला फेस येतोय? डिफोमर निवडताना काय बघायचं

फेस दिसला की लगेच डिफोमरच्या, म्हणजे फेस मारणाऱ्या औषधाच्या, ड्रमकडे धावायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी लॅबमध्ये नवीन असताना तेच करायचो, बॅच फेसाळली की थोडा टाक, नाही बसला की अजून थोडा टाक, आणि शेवटी फेस गेला खरा पण ट्रायलच्या पॅनलवर असे गोल गोल खळगे (यालाच क्रेटर म्हणतात) पडले की रोग परवडला पण औषध नको असं झालं. तेव्हापासून सवय लावून घेतली, आधी हवा शिरतेय कुठून ते बघायचं आणि मगच कुठला डिफोमर आणि किती याच्यावर डोकं लावायचं.

हवा शिरायच्या जागा ठरलेल्या असतात. मिक्सरचं ब्लेड लेव्हलच्या फार जवळ आलंय आणि मधे मोठा भोवरा पडून तो हवा खाली ओढतोय, ही एक नंबरची. बॅच लहान आणि टाकी मोठी असली की हे हमखास होतं. मग पंपाच्या सक्शनकडचा एखादा जॉइंट ढिला असतो, तिथून पेंट बाहेर येत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, पण हवा आत जात राहते. नळी टाकीच्या तळाशी न जाता वरूनच धार पडतेय. पावडर भरभर ओतली, आणि पावडरच्या कणाकणात हवा असतेच, ती ग्राइंडमध्ये, म्हणजे पावडर जोरात ढवळून दळतो तेव्हा, सुटते. हे सगळं फुकटात दुरुस्त होतं, आणि दुरुस्त केल्यावर जो फेस उरतो तेवढ्यासाठीच डिफोमर हवा असतो. बऱ्याचदा डोस निम्म्यावर येतो.

अजून एक, वेटिंग एजंट (पिगमेंट आणि पृष्ठभाग भिजवणारा) आणि डिस्परसंट (पावडरचे कण सुटे ठेवणारा) जास्त पडलाय का ते बघा. फेसाचं मूळ तिथेच असतं. शुद्ध पाणी कितीही ढवळा, बुडबुडे येतात आणि क्षणात फुटतात, फेस टिकत नाही. पाण्याचं सरफेस टेन्शन साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतं, त्यात सर्फेक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन (वेटिंग एजंटही त्यातलाच), पडलं की ते ३०-३५ पर्यंत उतरतं, आणि मुख्य म्हणजे सर्फेक्टंटचे रेणू बुडबुड्याच्या पातळ भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहतात. भिंत कुठे ताणली गेली, पातळ झाली, की त्या जागी सर्फेक्टंट कमी पडतं, तिथलं सरफेस टेन्शन वाढतं आणि आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जाऊन भिंत परत जाड होते. म्हणजे बुडबुडा स्वतःच स्वतःची डागडुजी करतो, याला गिब्ज-मारांगोनी इफेक्ट म्हणतात. आता वॉटर-बेस्ड पेंटमध्ये सर्फेक्टंट टाळता येत नाही, इमल्शनचे, म्हणजे पाण्यात पसरलेल्या बाइंडरचे (पेंटची फिल्म बांधणाऱ्या रेझिनचे), कण सुटे राहतात ते त्याच्यामुळे, पिगमेंट भिजतं ते त्याच्यामुळे, शेड द्यायच्या कलरंटमध्येही तेच भरलेलं असतं. त्यात थिकनर पेंट घट्ट करतो आणि बुडबुड्याला वर येऊ देत नाही. म्हणून फेस हा वॉटर-बेस्डच्या जन्मापासूनचाच सोबती आहे, सॉल्व्हंटवाल्यांना हा ताप एवढा नसतो.

आता डिफोमर नक्की करतो काय. तो असा पदार्थ असतो की पेंटमध्ये पूर्ण मिसळत नाही, बारीक थेंब होऊन फिरत राहतो, आणि त्याचं सरफेस टेन्शन आजूबाजूच्या द्रवापेक्षा कमी असतं. हा थेंब बुडबुड्याच्या भिंतीत घुसतो, पसरतो, सर्फेक्टंटला बाजूला ढकलतो आणि भिंत फुटते. त्यात हायड्रोफोबिक सिलिकासारखे पाण्याला नकार देणारे कण असले तर ते टाचणीसारखं काम करतात, तेल थेंब आत नेतं आणि कण भिंत फाडतो. म्हणून नुसतं तेल किंवा नुसती सिलिका टाकली तर जेमतेम, दोन्ही मिळून टाकलं तर जोरदार.

या सगळ्यातला एक शब्द नीट पकडा, "पूर्ण मिसळत नाही". डिफोमर निवडणं म्हणजे हा मिसळण्या-न-मिसळण्याचा काटा कुठे ठेवायचा ते ठरवणं आहे, बाकीचं सगळं याच्या मागे येतं. जो डिफोमर तुमच्या पेंटशी फार जुळतो तो त्यात विरघळल्यासारखा होतो आणि फेसाला हातच लावत नाही, कधीकधी उलट फेस वाढवतो. जो अजिबातच जुळत नाही तो फेस झटक्यात मारतो पण मोठे थेंब होऊन क्रेटर पाडतो, ग्लॉस खातो, बिनरंगी क्लिअर कोट धुरकट करतो. मधला जो तुकडा आहे तिथे आपल्याला जायचंय, आणि तो तुकडा प्रत्येक फॉर्म्युल्यात वेगळ्या ठिकाणी असतो. त्यामुळे कोणी विचारलं की सगळ्यात भारी डिफोमर कुठला, तर मी आधी विचारतो बाइंडर कुठला.

जाती साधारण अशा. मिनरल ऑइलवाले सगळ्यात जुने आणि स्वस्त, त्यात ८० ते ८५ टक्के तेल, मग हायड्रोफोबिक सिलिका किंवा वॅक्ससारखे कण आणि तेल पाण्यात पसरावं म्हणून थोडं इमल्सिफायर. भिंतीच्या मॅट पेंटला हे एकदम ठीक, पिगमेंट-फिलर भरपूर असल्याने थोडं तेल कुठे गेलं ते कळतही नाही. पण ग्लॉसी पेंटमध्ये घातलं तर चमक उतरते, गडद शेडमध्ये तेल वर येऊन डाग दिसतात, आणि तेल हलक्या प्रतीचं असेल तर वास येतो आणि पांढरा पिवळट पडत जातो. व्हेजिटेबल ऑइलवालेही आहेत, वागणूक बरीचशी तशीच.

सिलिकॉनवाले वेगळ्या ताकदीचे. साध्या पॉलिडायमिथाइल सिलॉक्सेनचं सरफेस टेन्शन २०-२१ च्या आसपास असतं, म्हणजे जवळपास कुठल्याही भिंतीत घुसतं, पण साधं सिलिकॉन तेल तसंच टाकलं तर क्रेटरचं पीक येतं. म्हणून त्याला पॉलिइथर जोडतात आणि जुळवून घ्यायची ताकद देतात. किती पॉलिइथर जोडलाय त्यावर तोच माल आक्रमक होतो नाहीतर मवाळ होतो. सप्लायरच्या चार्टमध्ये एकाच घराण्याचे चार-पाच नंबर दिसतात ना, ते बहुतेक याच काट्यावरचे वेगवेगळे बिंदू असतात. सप्लायरला सरळ विचारा की यातला सगळ्यात कडक कुठला आणि सगळ्यात मवाळ कुठला, मग दोन टोकं आणि एक मधला एवढे तीन मागवा. सगळी रांग मागवून टेबल भरण्यात अर्थ नाही.

तिसरे पॉलिमरवाले, सिलिकॉन-फ्री. एकाच लाइनवर पुढे दुसरा कोट, छपाई किंवा चिकटवणं आहे आणि सिलिकॉन नको असं सांगितलंय, तिथे हे कामाला येतात. झपाट्यात सिलिकॉनपेक्षा बऱ्याचदा कमी, पण क्रेटरची भीती कमी. आणि चौथे ते ज्यांना खरंतर डिफोमर म्हणावं की वेटिंग एजंट हा प्रश्न पडतो, अ‍ॅसिटिलिनिक डायोलसारखे, ते सब्स्ट्रेट, म्हणजे ज्यावर पेंट मारायचा तो पृष्ठभाग, भिजवतात आणि फेस टिकूही देत नाहीत. पातळ, कमी व्हिस्कॉसिटीच्या इंकमध्ये आणि लाकडाच्या क्लिअरमध्ये हे मला आवडतात, कारण दुखणं वेटिंग एजंटचं असेल तर वेटिंग एजंट बदलणं हाच इलाज, त्यावर डिफोमरची पट्टी बांधत बसायचं नाही.

आता मोठा फेस आणि बारीक फेस यात गल्लत करू नका, इथे बरेच लोक अडकतात. डब्यावर दिसणारे मोठे बुडबुडे म्हणजे मॅक्रोफोम, तो डिफोमरचं काम. पेंटच्या पोटात अडकलेले डोळ्याला न दिसणारे बारीक बुडबुडे म्हणजे मायक्रोफोम, तो वाळताना पिनहोल होऊन बाहेर पडतो. बुडबुड्याचा वर यायचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गावर चालतो, म्हणजे बुडबुडा दहापट बारीक झाला की शंभरपट हळू येतो, आणि व्हिस्कॉसिटी जेवढी जास्त तेवढा अजून हळू. जाड पेंटमध्ये तो येतच नाही, कोट वाळेपर्यंत तिथेच बसतो. याला डीएअरेटर लागतो, जो बारीक बुडबुड्यांना एकमेकांत मिसळून मोठं करतो आणि वर आणतो. एअरलेस स्प्रेने मारणार असाल, जाड कोट असेल, किंवा लोखंडावरचा प्रायमर असेल जिथे एक पिनहोल म्हणजे गंजाला उघडं दार, तर नुसत्या डिफोमरवर विसंबू नका, डीएअरेटरची वेगळी ट्रायल लावा. ब्रशने मारायच्या पेंटला एवढं लागत नाही. रोलर मात्र फेसाचा बाप आहे, स्पंजचा रोलर तर मुद्दाम फेस करायला बनवल्यासारखा.

आणि हो, एक फेस डिफोमरने जाणारच नाही, तो म्हणजे सब्स्ट्रेटमधली हवा. सच्छिद्र भिंत किंवा लाकूड, वर जाड कोट मारला की आतली हवा बाहेर येताना पेंटला भोक पाडते. लोक डोस वाढवत बसतात. तिथे आधी सीलर मारा किंवा पहिला हात पातळ करून मारा. ओळखायची खूण सोपी, तोच पेंट काचेवर ओढा, काचेवर स्वच्छ आणि भिंतीवर भोकं असतील तर पेंटला दोष देऊ नका.

कुठल्या पेंटला कुठून सुरुवात करावी याचा माझा अंदाज सांगतो, हा नियम म्हणून घेऊ नका. पीव्हीसी (फिल्ममधलं पिगमेंट-फिलरचं प्रमाण) जास्त असलेला आतला मॅट पेंट, मिनरल ऑइलवाला, ०.३ ते ०.५ टक्के. सेमी-ग्लॉस, थोडं सिलिकॉन मिसळलेला मिनरल ऑइल किंवा पॉलिमर. ग्लॉस आणि लाकडाचा क्लिअर, मवाळ पॉलिइथर सिलॉक्सेन, ०.१ पासून सुरू करून हळूहळू वर. बारीक कणांचं अ‍ॅक्रिलिक असेल तर त्यात सर्फेक्टंट जास्त असतं आणि फेस जिद्दी असतो, तिथे कडक डिफोमर लागतो पण तेच बाइंडर ग्लॉससाठी वापरलेलं असतं म्हणजे कडक चालत नाही, या कात्रीत सगळ्यात जास्त वेळ जातो. सिलिकेट पेंटमध्ये पीएच ११ च्या आसपास असतो, तिथे सप्लायरकडून अल्कलीत टिकण्याचं लेखी घ्या, नाहीतर डिफोमर डब्यातच मोडून जाईल. एकूण डोस बहुतेक वेळा ०.१ ते १ टक्क्याच्या आत बसतो, १ च्या वर जायची वेळ आली तर समजा निवड चुकलीय.

ओतायचं कधी, यावर निकाल फिरतो. डोसचे दोन भाग करा, एक ग्राइंडमध्ये आणि एक लेटडाउनमध्ये, म्हणजे ग्राइंडनंतर बाइंडर मिसळतो त्या टप्प्यात. १००० किलोच्या बॅचला ०.३ टक्के म्हणजे ३ किलो, त्यातला दीड किलो पावडर टाकायच्या आधी आणि दीड किलो बाइंडर गेल्यानंतर. ग्राइंडमध्ये कॉन्सन्ट्रेट टाका, १०० टक्के अ‍ॅक्टिव्ह असलेला, कारण तिथे शिअर (फिरत्या ब्लेडचा कातरणारा जोर) जबरदस्त असतो आणि त्याचे मोठे थेंब फुटून योग्य मापाचे होतात. इमल्शन स्वरूपातला डिफोमर मात्र ग्राइंडमध्ये टाकू नका, कारखान्याने आधीच थेंब बारीक करून दिलेले असतात, जास्त शिअर दिला की इमल्शन मोडतं, आतलं सिलिकॉन एकत्र येतं आणि क्रेटर पडतात. तो लेटडाउनमध्ये हळू ढवळत टाकायचा. उलटंही तेवढंच खरं, कॉन्सन्ट्रेट शेवटी हलक्या हाताने ढवळत टाकला तर नीट पसरत नाही आणि मोठे थेंब राहतात. थेंबाचं माप काही मायक्रॉनमध्ये असायला हवं, फार मोठा झाला तर खळगा, फार बारीक झाला तर सर्फेक्टंट त्याला गिळतं आणि फेस परत येतो. आणि टाकण्याआधी पाण्यात पातळ करून ठेवायची आयडिया सोडून द्या, अर्ध्या तासात वेगळा होतो आणि वरून तेल, खालून पाणी बॅचमध्ये जातं.

आता टेस्ट. इथे मी जरा लांबण लावतो कारण सगळा खेळ इथेच आहे आणि टेक्निकल डेटाशीट वाचून कोणाचाही डिफोमर निवडून झालेला नाही.

पहिलं काम, डिफोमर न घातलेला पेंट बनवा, एकाच बॅचमधून सगळी सॅम्पलं. याशिवाय तुलना होत नाही. त्यात पाच-सहा उमेदवार, प्रत्येकी ०.१, ०.३ आणि ०.५ टक्के, सारख्याच वेगाने सारखाच वेळ ढवळून. मग चोवीस तास तसंच ठेवा. हे चोवीस तास कोणाला आवडत नाहीत पण हवेतच, कारण ताज्या सॅम्पलवर दिसलेले क्रेटर दुसऱ्या दिवशी गेलेले असतात, आणि ताज्यावर स्वच्छ दिसलेला पेंट दुसऱ्या दिवशी फेसाळतो. ज्या डिफोमरचा निकाल तुम्ही दहा मिनिटांत लावला त्याचा निकाल खोटा असू शकतो.

चोवीस तासांनी डिझॉल्व्हरवर (लॅबच्या जोरदार मिक्सरवर) २००० आरपीएमला दोन मिनिटं ढवळा, पेंट हवा खाऊ दे मनसोक्त, आणि लगेच डेन्सिटी कपमध्ये भरा. सगळ्या सॅम्पलांना तेच भांडं, तेच ब्लेड, तेवढाच पेंट, तेवढीच उंची, नाहीतर तुम्ही डिफोमर नाही, ब्लेड तपासताय. आता हिशोब. हवा नसलेल्या पेंटची डेन्सिटी फॉर्म्युल्यावरून काढलेली १.४० आणि कपात आली १.२९, तर फरक ०.११, त्याला १.४० ने भागलं की साधारण ८ टक्के हवा. म्हणजे एक लिटरच्या डब्यात ८० मिली हवा विकली. ही हवा काही दिवसांनी निघून जाते आणि ग्राहक डबा उघडतो तेव्हा पेंट काठापासून खाली गेलेला असतो, मग फोन येतो की तुम्ही माप मारलं. डेन्सिटीची ही एक टेस्ट एवढं सांगून जाते की कितीही घाई असली तरी ती मी सोडत नाही. दोन डिफोमरमधला फरक डोळ्याला दिसत नसेल तर तिसऱ्या दशांशावर दिसतो. हवा काढलेल्या पेंटची डेन्सिटी फॉर्म्युल्यावरून काढायचा कंटाळा असेल तर सॅम्पल व्हॅक्यूममध्ये ठेवून मोजा.

मग रोलर टेस्ट. पेंट शोषणार नाही असं पॅनल घ्या, सीलर मारलेलं चालेल. त्यावर वजन करून पेंट ओता, म्हणजे सगळ्यांवर तेवढाच जातो. स्पंजचा रोलर, ओला करून पिळलेला, आडवा आणि उभा मिळून ठरलेल्या इतक्या फेऱ्या, मी वीस मारतो. आता फेऱ्या संपल्या की घड्याळ लावा आणि दिवा बाजूने मारा, वरून नाही. वरच्या उजेडात पॅनल गुळगुळीत दिसतं, बाजूच्या उजेडात प्रत्येक बुडबुड्याची सावली पडते. बघायचं काय तर बुडबुडे किती हे तर आहेच, पण ते फुटतात कधी आणि फुटल्यावर काय राहतं हे जास्त महत्त्वाचं. चांगल्या डिफोमरमध्ये पहिल्या अर्ध्या मिनिटात फुटाफुट सुरू होते, फुटल्यावर कडा पसरून सपाट होते. मधल्यात तीन-चार मिनिटांनी फुटतात, तोवर पेंट घट्ट व्हायला लागलेला असतो, आणि कडा तशीच राहून बांगडीसारखा गोल ठसा उमटतो. नीट निरखून बघा, ते ठसे वाळल्यावर दुपटीने उठून दिसतात. तिसऱ्या जातीत फुटतच नाहीत, वाळलेल्या फिल्मवर पापुद्रा येतो आणि बोट फिरवलं की चुरगळतो. माझ्याकडे एकदा असं झालं की डेन्सिटीमध्ये पहिला आलेला डिफोमर रोलरवर चौथा आला, कारण हवा आत अडकू देत नव्हता पण रोलरने वर केलेला फेस त्याला मारता येत नव्हता. म्हणून एकाच टेस्टवर जाऊ नका, ग्राहक जसा मारणार तसं मारून बघा.

क्रेटर बघायला काचेवर १०० ते २०० मायक्रॉनचा ड्रॉडाउन (ठरलेल्या जाडीचा पेंटचा पट्टा) ओढा, वाळू द्या आणि उजेडासमोर धरा. काळ्या-पांढऱ्या कार्डावर तेच ओढून ग्लॉस आणि शेडचा फरक मोजा. दुसरा कोट चिकटतो का तेही बघा, सिलिकॉन जास्त असलं की दुसरा हात काही ठिकाणी आकसतो. आणि शेड बनवायच्या पेंटची टेस्ट पांढऱ्यावर करून थांबू नका, कलरंटमधून सर्फेक्टंट येतं आणि गडद शेडला पेंट वेगळाच वागतो. एखाद्या लिटरमध्ये टिंट मशीनचा जास्तीत जास्त कलरंट घालून शेकरमध्ये हलवा आणि फेस बघा. पांढरा पास, गडद निळा नापास, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिली ट्रायलच गडद शेडवर घेतो. रब-अप म्हणजे वाळायला लागलेल्या जागेवर बोट फिरवून रंग गडद किंवा फिका होतो का तेही त्याच वेळी बघून टाका, डिफोमर आणि कलरंट भांडत असतील तर तिथेच कळतं.

शेवटची टेस्ट म्हणजे ओव्हन, आणि खरी चाळणी हीच. ५० अंश सेल्सिअसला दोन आठवडे आणि चार आठवडे ठेवून परत डेन्सिटी आणि परत रोलर. पहिल्या दिवशीचा हिरो चार आठवड्यांत गायब झालेला असतो, कारण सर्फेक्टंट हळूहळू थेंबाला वेढून घेतं आणि सिलिकाचे कणसुद्धा भिजून पाण्याशी दोस्ती करतात. पहिल्या दिवसाचं कौतुक आणि चौथ्या आठवड्याचं उरलेलं, यातलं मला चौथ्या आठवड्याचंच महत्त्वाचं वाटतं, कारण ग्राहकाच्या घरी पेंट पहिल्या दिवशी जात नाही. थोडा कमी कडक पण टिकणारा डिफोमर नेहमी घेतो. व्हिस्कॉसिटीही त्याच वेळी मोजा, काही डिफोमरमधलं इमल्सिफायर एचईयूआरसारख्या असोसिएटिव्ह थिकनरला (जो कणांना एकमेकांशी जोडून पेंट घट्ट करतो) ढिला पाडतं, आणि पेंट पातळ झाला की बुडबुडे पटापट फुटतात, मग तुम्हाला वाटतं डिफोमर भारी आहे.

क्रेटर दिसले की लगेच डिफोमर बदलण्याआधी आधी डोस अर्धा करून बघा, मग तोच डोस थोडा जास्त शिअर देऊन बघा. तरी पडले तर त्याच घराण्यातला एक पायरी मवाळ घ्या. उलट फेस मरत नाही आणि क्रेटरही नाहीत तर एक पायरी कडक. डोस दुप्पट करून फेस वाढला तर समजा तो तुमच्या पेंटला फार जुळतोय, तिथे डोस वाढवायचा नाही, जात बदलायची. आणि फक्त ठेवल्यावर फेस परत येत असेल तर लेटडाउनमधला भाग वाढवून बघा, ग्राइंडचा भाग शिअरने फार बारीक होऊन लवकर संपतो. दोन वेगळ्या डिफोमरची जोडी, एक ग्राइंडला आणि एक लेटडाउनला, बऱ्याच ठिकाणी एका डिफोमरच्या मोठ्या डोसपेक्षा बरी चालते. फक्त स्टोअरमध्ये एक ड्रम वाढतो आणि एकाच नावाचे दोन नंबर शेजारी ठेवले तर उलटसुलट ओतले जातात, हे आधीच मनात धरा, ड्रमला वेगळ्या रंगाचा पट्टा मारा.

ड्रमचा विषय निघालाय तर सांगतो. एकदा एका बॅचला क्रेटर, दुसरीला फेस, तिसरी बरी, चौथीला परत क्रेटर, सगळा फॉर्म्युला तोच. दोन आठवडे आम्ही बाइंडर, पाणी, पिगमेंट सगळं तपासलं, पाण्याचा हार्डनेससुद्धा मोजला. शेवटी स्टोअरमध्ये जाऊन ड्रमात काठी घातली तर तळाला सिलिकाचा चार बोटं चिखल बसलेला. वरून काढलेल्या बॅचला नुसतं तेल गेलं होतं, तळातून काढलेल्यांना सगळी सिलिका. मिनरल ऑइलवाला डिफोमर वापरायच्या आधी ड्रम पूर्ण ढवळायचा असतो, हे ड्रमवरच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि ते आम्ही कोणीच वाचलं नव्हतं. इमल्शनवाला असेल तर गोठू द्यायचा नाही, एकदा गोठून वितळला की परत जुळत नाही, आणि झाकण उघडं ठेवून वर कातडी आली तर ती काढून फेका, ढवळून आत मिसळू नका, तीच कातडी पुढे गाळणीत आणि भिंतीवर सापडते.

मागवताना सप्लायरकडून तीन गोष्टी घ्या. अ‍ॅक्टिव्ह कंटेंट, कारण २० टक्क्यांच्या इमल्शनचा दर आणि १०० टक्क्यांच्या कॉन्सन्ट्रेटचा दर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, डोसने गुणून प्रति बॅच खर्च काढा. दुसरं, सिलिकॉन आहे की नाही आणि असेल तर त्यात डी-४, डी-५, डी-६ हे रिंगवाले सिलॉक्सेन किती, युरोपियन युनियनने २०१८ साली ते तिन्ही चिंतेच्या यादीत टाकलेत, त्यामुळे निर्यातीचा माल असेल तर ग्राहक हे विचारणारच. तिसरं, शेल्फ लाइफ आणि बॅच नंबर. प्रत्येक नवीन ड्रममधून शंभर मिली बाटलीत काढून ठेवा आणि ड्रमच्या तारखेची चिठ्ठी लावा.

शेवटी, निवड एकदा झाली की ती कायमची राहील असं समजू नका. बाइंडर सप्लायरने ग्रेड बदलला, थिकनर बदलला, कलरंट बदलला, पाणी बदललं, की रोलर टेस्ट परत. आमच्याकडे फॉर्म्युला बदलाच्या कागदावर एक रकाना आहे, "डिफोमर परत तपासला का", आणि त्याच्यापुढे सही लागते. मागे एकदा फक्त डिस्परसंट बदलला होता, तोही म्हणे त्याच जातीचा, एवढ्यासाठी कशाला टेस्ट म्हणून कोणीतरी तो रकाना रिकामा सोडला. पंधरा दिवसांनी डबे परत आले, झाकण उघडलं तर वरती दोन बोटं फेस आणि त्याखाली पेंट.